गेलेले आटे

दसऱ्याला घरातील हत्यारांची व यंत्रांची पूजा करण्याची चाल आमच्या घरी तीन पिढ्यांपासून आहे. आजोबांच्या काळी पाटावर विळी, अडकित्ता आणि म्यानातून कधीच बाहेर न निघणारी एक तलवार मांडली जाई. वडील इंदूरच्या एका कापडगिरणीत जोडारी होते. त्यांच्या काळी तलवारीशेजारी पान्यांचा संच आला आणि अंगणात सायकलीला झेंडूची माळ पडू लागली. माझ्या हाती आयुष्यभर खडूखेरीज दुसरे हत्यार आले नाही. त्यामुळे पूजेचा मान आपसूकच मोटारसायकलीकडे गेला.

गेल्या दसऱ्याला सकाळी बादली व फडके घेऊन मी स्वतःच गाडी धुवायला बसलो. पुढच्या चाकाच्या ब्रेकपाशी चिखलाची एक वाळलेली खपली होती. ती नखाने काढताना ब्रेकचे कॅलिपर धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांपैकी खालचा बोल्ट हलला. पान्याने नव्हे, माझ्या दोन बोटांनी हलला! आणखी फिरवून पाहिला. तो घट्ट होईना, सैलही होईना. जात्याच्या खुंट्यासारखा नुसता गरगर फिरत राहिला. बाहेर ओढला तर हातात आला, आणि त्याच्या अंगाला नळकाम करणारे लोक वापरतात ती पांढरी पट्टी गुंडाळलेली दिसली.

वाचकहो, मराठीचा मास्तर असलो तरी जोडाऱ्याचा मुलगा आहे. पाण्याच्या नळाची पट्टी ब्रेकच्या बोल्टाला कोणी व का गुंडाळतो, हे कळायला मला वेळ लागला नाही. शिवाय त्याच गाडीवर मित्राला मागे बसवून आमचे धाकटे चिरंजीव दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वरास निघायचे होते. खंडव्याच्या रस्त्याने सिमरोळ मागे पडले की भेरूघाट लागतो. तो घाट ज्यांनी दुचाकीवरून उतरला आहे, त्यांना पुढच्या ब्रेकचा एक बोल्ट नसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ज्यांनी उतरला नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो.

पूर्वीच्या दुचाक्यांना ढोलकीसारखे ब्रेक असत. चाकाच्या मध्यभागी बंद डब्यात दोन नाले फाकून आतून घासत. आता बहुतेक मोटारसायकलींच्या पुढच्या चाकाला पोलादी तबकडी असते आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जबडा असतो. या जबड्यालाच कॅलिपर म्हणतात. कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले होते. परंतु तिचे खरे तेज दिसले ते १९५३ मध्ये. त्या वर्षी फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार मोटारीने असल्या ब्रेकांच्या बळावर जिंकली. तेलाच्या दाबावर चालणारी ही तबकडी १९६९ मध्ये होंडाच्या ७५० सीसीच्या गाडीवर आली आणि पुढे मोटारसायकलींच्या जगात रूढ झाली.

हिचे तत्त्व आपण शाळेत पास्कलच्या नावाने शिकलो आहोत. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. हँडलवरील दांडी दाबली की लहान दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल नळीतून कॅलिपरमधील मोठ्या दट्ट्यावर जाते, आणि दट्ट्या जितका मोठा तितके बळ वाढते. बोटांची शक्ती अशा रीतीने शेकडो किलोंच्या चिमटीत बदलते. मात्र तबकडी फिरत असते आणि चिमटीला आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहते. तिला अडवून धरण्याचे सारे काम दोन बोल्टांवर असते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो. थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा म्हणूनच पुढच्या चाकाकडे असतो. अशा वेळी दोनपैकी एक बोल्ट सुटला, तर कॅलिपर दुसऱ्या बोल्टाभोवती फिरून चाकाच्या आऱ्यांत शिरू शकते. चाक जागच्या जागी अडकते आणि पुढे काय होते ते लिहिण्याची माझी इच्छा नाही.

बोल्ट हातात घेऊन मी घरात गेलो. चिरंजीव आंब्याच्या पानांचे तोरण ओवीत बसले होते. मी काही विचारण्याआधीच त्याचा चेहरा पडला.

"बाबा, ते मीच केलं. श्रावणात."

"काय केलंस?"

"ब्रेकचे पॅड बदलले. बोल्ट हातातून सुटून गटारात गेला. मग आजोबांच्या डब्यातला एक बसवला. तो जाईना, म्हणून पान्याला नळी लावली."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

तो गप्प राहिला. उत्तर दिले ते दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या आईने. "आजोबांच्या डब्याला हात लावायचा नाही, असं तुम्हीच त्याला दहा वेळा बजावलं आहे. तो सांगेल कसा?"

श्रावणापासून दसऱ्यापर्यंत दोन महिने गाडी त्या पांढऱ्या पट्टीच्या भरवशावर धावत होती. त्या दोन महिन्यांत दोन संकष्ट्या येऊन गेल्या, आणि दोन्ही वेळा याच मुलाच्या मागे बसून याची आई खजराण्याच्या गणपतीला जाऊन आली होती. त्या दिवशी गाडीला माळ घातली गेली नाही. ओंकारेश्वरही रद्द झाले.

दुसऱ्या दिवशी लोडिंग रिक्षात घालून आम्ही गाडी छावणीतील उस्तादांकडे नेली. हे गृहस्थ माझ्या वडिलांना ओळखत. मला ते 'मास्साब' म्हणतात आणि चिरंजीव त्यांना 'चाचा' म्हणतो. त्यांनी बोल्ट हातात घेतला, दातेरी पट्ट्यांचा छोटा कंगवा त्याच्या आट्यांवर टेकवून उजेडात धरला आणि हसून म्हणाले, "मास्साब, यह तो ढाई सूत का है. सुराख आठ एमएम का. चूड़ी तो मरनी ही थी."

आपल्या इंदूरकडील मराठीत आपण आटे म्हणतो आणि चुडीही म्हणतो. आटे जातात, घसरतात. चुडी मात्र मरते. उस्तादांच्या त्या एका वाक्यात दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास होता, तो सांगण्याचा मोह आवरत नाही.

एके काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटाला लागत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने अनेक कारखान्यांतील स्क्रू गोळा करून मापले, त्यांचे मध्यममान काढले आणि १८४१ मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आट्यांचे एक प्रमाण मांडले. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचे आटे सुचविले, आणि आज जगभर चालणारे मेट्रिक आटेही ६० अंशांचेच आहेत. आपल्या गिरण्यांत इंग्लंडची यंत्रे आली तेव्हा त्यांच्याबरोबर व्हिटवर्थचे आटे आले. वडिलांचा डबा याच बोल्टांनी भरलेला होता.

आता घोटाळा पाहा. अडीच सूत म्हणजे इंचाचा पाच-षोडशांश, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. आठ मिलिमीटरच्या बोल्टाशेजारी ठेवला तर डोळ्यांना भेद कळत नाही. परंतु अडीच सुताच्या व्हिटवर्थ बोल्टावर एका इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर १.४१ मिलिमीटर, आणि नेहमीच्या आठ मिलिमीटर बोल्टात हेच अंतर १.२५. त्यामुळे पहिला दीड-दोन फेरा बोल्ट गोडीगुलाबीने आत जातो आणि मग अडतो. शहाणा माणूस येथे थांबतो. आमच्या चिरंजीवाने पान्याला हातभर नळी लावली. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत या बोल्टासाठी २५ न्यूटन-मीटर एवढा पीळ सांगितला आहे. वीतभर लांब पान्याच्या टोकाशी साधारण बारा किलोंचा जोर म्हणजे हा पीळ. नळी लावून त्याच्या दुप्पट जोराने रेटले की पीळ तिपटीहून वर जातो. पोलादी बोल्टाने मऊ ॲल्युमिनियमचे आटे सोलून काढले, इतकेच.

गाडीगणिक या बोल्टांची रचना निराळी असते. कुठे ते कॅलिपरमधून जाऊन फोर्कच्या आट्यांत बसतात. आमच्या गाडीत ते फोर्कच्या कानांतून आरपार जाऊन कॅलिपरच्या अंगातील आट्यांत बसतात. दोन्हीकडे धातू बहुधा ॲल्युमिनियमच. वजन वाचावे म्हणून तो घेतात, आणि त्याची किंमत अशी मोजावी लागते. चुकीचा बोल्ट हे तर उघड पाप झाले, पण त्याखेरीजही आटे जातात. दर वेळी 'आणखी थोडा' आवळण्याची सवय हे पहिले कारण. दुसरे, बोल्ट तिरका लागणे. तिसरे म्हणजे पावसाळा. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी राहिले की ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. मग तो काढताना आट्यांचा चुरा त्याच्याबरोबर बाहेर येतो.

मी विचारले, "आता यात मोठा बोल्ट घालता येईल का?" उस्तादांनी मान हलविली. मोठ्या बोल्टासाठी फोर्कच्या कानातील भोकही मोठे करावे लागेल, म्हणजे एक दुखणे बरे करण्यासाठी दुसरे निरोगी अंग कापायचे. झाळून भोक भरावे, तर त्या उष्णतेने ॲल्युमिनियमचे बळ जाते आणि कॅलिपर वाकडे होण्याचा धोका. दोन पुड्या कालवून लावायच्या लगद्याचे तर नावही काढू नका, असे त्यांनी चिरंजीवाकडे पाहत सांगितले. पांढरी पट्टी पाणी अडविते. तिच्यात भार पेलण्याची ताकद नसते. मार्ग दोनच राहिले. एक नवे कॅलिपर, दुसरा कॉइल.

ही कॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेचे स्प्रिंगसारखे वेटोळे. ते प्रथम करणाऱ्या कंपनीच्या नावावरून सगळे मिस्त्री तिला 'हेलिकॉइल' म्हणतात. तारेचा छेद गोल नसून शंकरपाळ्यासारखा असतो. शंकरपाळ्याचे एक टोक बाहेरच्या बाजूस नव्याने पाडलेल्या मोठ्या आट्यांत बसते आणि समोरचे टोक आतल्या बाजूस पूर्वीच्याच मापाचा आटा तयार करते. बाहेर मोठे भोक, आत मूळचा आठ मिलिमीटरचा बोल्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांत अशा कॉइली सर्रास वापरल्या गेल्या. आजही पुष्कळ ठिकाणी ॲल्युमिनियमच्या नव्या भागांत, काही बिघडण्याची वाट न पाहता, त्या कारखान्यातच बसवितात. म्हणजे ही केवळ ठिगळाची विद्या नव्हे.

"ठिगळ मूळ कापडाहून मजबूत कसे असेल?" हा माझा प्रश्न शिक्षकी होता. उत्तर मात्र पटण्याजोगे मिळाले. साध्या बोल्टात भार सर्व आट्यांवर सारखा पडत नाही. पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश भार पेलतो आणि शेवटचे आटे जवळजवळ रिकामे उभे असतात. कॉइलची तार थोडी लवचीक असल्याने ती भार पुढच्या आट्यांकडे वाटून देते. शिवाय मऊ ॲल्युमिनियमवरील पकड आता आठऐवजी सुमारे साडेनऊ मिलिमीटर व्यासावर येते आणि पोलादाची झीज पोलादावरच होते. वर्षातून दोनदा बोल्ट काढला तरी ॲल्युमिनियमला ओरखडा जात नाही.

काम सुरू करण्याआधी उस्तादांनी भिंग लावून त्या कानाभोवती तडा गेला आहे का ते पाहिले. "तडा असता तर मी हात लावला नसता," ते म्हणाले. पुढे त्यांनी एक भेद समजावून सांगितला. तो मी मुद्दाम येथे नोंदवितो, कारण आटे गेले म्हटल्यावर सगळी भोके सारखी मानण्याची चूक आपण करतो.

कॅलिपरला आट्यांची भोके तीन-चार तऱ्हेची असतात. जोडणीच्या बोल्टांची भोके बाहेरच्या अंगावर असतात. त्यांचा तेलाशी संबंध नसतो. तेथे कॉइल निर्धास्त चालते. तेलाची नळी जोडणारा पोकळ बोल्ट निराळा. तेथे तेल अडविण्याचे काम आटे करीत नाहीत, दोन्ही अंगांच्या तांब्याच्या चकत्या करतात. म्हणून तेथेही कॉइल बसविणारे लोक आहेत. मात्र चकती बसण्याची जागा गुळगुळीत राहिली पाहिजे आणि धातूचा एक कणही आतल्या वाटेत जाता कामा नये. तिसरे भोक हवा काढण्याच्या लहान स्क्रूचे. त्याच्या तळाशी शंकूच्या आकाराची बैठक असते, तीवर स्क्रूचे टोक दाबून बसते आणि तेल अडते. ड्रिल थोडे खोल गेले की ती बैठक खलास, आणि चुरा गेला तर थेट दट्ट्यापाशी. "वहाँ मैं हाथ नहीं लगाता, मास्साब. नया लो," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. काय दुरुस्त करता येते हे कोणताही कारागीर सांगतो. काय करू नये हे सांगणारा विरळा.

आमचे भोक पहिल्या तऱ्हेचे होते. तरीही त्यांनी तेलाची नळी सोडून कॅलिपर गाडीवरून पूर्ण उतरविले, पॅड काढले आणि नळीचे तोंड व दट्ट्याची बाजू नीट बंद केली. ॲल्युमिनियम कापताना ते थोडे रॉकेल वापरतात, आणि ब्रेकमधील रबर रॉकेलने फुगते. मग कॅलिपर ड्रिलच्या यंत्राच्या शिकंज्यात काटकोन लावून पकडले. हाती ड्रिल धरून हे काम करणाऱ्यांचे भोक तिरपे जाते, आणि तिरप्या भोकातील बोल्टाचे डोके एकाच कडेवर बसते. ८.३ मिलिमीटरच्या ड्रिलने जुने मेलेले आटे साफ केले. पुढचे काम कॉइलबरोबर मिळणाऱ्या खास टॅपचे. येथे उस्ताद बाजूला झाले आणि त्यांनी टॅपचा दांडा चिरंजीवाच्या हाती दिला.

"मी?" तो दचकला.

"जिसने मारी, वही जिलाएगा," उस्ताद म्हणाले.

अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे. मागे फिरविले की चुरा तुटतो, नाहीतर तो टॅपच्या खाचांत भरून नवे आटे फाडतो. दोन महिन्यांपूर्वी याच मुलाने याच भोकाशी नळी लावून जबरदस्ती केली होती. आता तो श्वास रोखून बोटांच्या टोकांनी दांडा फिरवीत होता. आटे पडले, भोक हवेने व स्पिरिटने धुतले, कापसाचा बोळा फिरवून पाहिला. मग बारा मिलिमीटर लांबीची कॉइल हत्यारावर चढली. मोकळी असताना ती भोकाहून किंचित जाड असते. हत्यार तिच्या तळाच्या आडव्या शेपटीला धरून तिला आवळीत आत नेते, आणि सोडताच ती फुलून आट्यांना घट्ट पकडते. वरचा वेढा पृष्ठभागाच्या खाली पाव ते अर्धा आटा गेला की थांबायचे. मग शेपटीवर सळई टेकवून एक हलका ठोका. शेपटी तुटून खाली कागदावर पडली. उस्तादांनी ती उचलून चिरंजीवाच्या तळहातावर ठेवली. त्यांचा नियमच आहे: जितक्या कॉइली बसविल्या, तितक्या शेपट्या गिऱ्हाइकाच्या हातात. एकही आत राहता कामा नये.

बोल्ट दोन्ही नवे घेतले, मूळ कंपनीचेच. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात, ते पुष्कळांना अनुक्रमांक वाटतात. ८.८ मधला पहिला आठ सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनला तुटते. दुसरा आठ सांगतो की त्याच्या आठ-दशांश भाराला ते कायमचे ताणले जाऊ लागते. बाजारातला बिनआकड्यांचा चकचकीत बोल्ट ब्रेकला कधीही लावू नये. दोन्ही बोल्ट प्रथम हाताने, तीन-चार फेरे निर्वेध गेल्याची खात्री करून लावले. शेवटी मापाच्या पान्याने २५ न्यूटन-मीटरवर 'टक्' असा आवाज येईपर्यंत आवळले. नळीला तांब्याच्या नव्या चकत्या घातल्या, नव्या डब्यातील तेल भरले आणि दांडी दाबून, स्क्रू सोडून, पुन्हा बंद करून आतली सारी हवा काढली. हे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरले की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून उघडा राहिलेला जुना डबा पुन्हा वापरायचा नाही.

बोल्टाचे डोके आणि कॅलिपर यांवरून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून उस्ताद म्हणाले, पन्नास किलोमीटरनंतर रेघ पाहा. तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला असे समजा. रेघ आज चार महिन्यांनंतरही सरळ आहे. खर्च नव्या कॅलिपरच्या मानाने अगदीच अल्प आला.

गाडी दुरुस्त झाली. दुसरी दुरुस्ती बाकी होती. 'सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही' ही म्हण मी मुलांना हट्टी माणसाच्या संदर्भात शिकवीत आलो. ती मलाच लागू पडते, हे घरच्या मंडळींना ठाऊक होते, मला नव्हते. बोल्ट प्रमाणात आवळला तर धरून ठेवतो. मापाबाहेर आवळला तर त्या वेळी काहीच दिसत नाही. आटे आतल्या आत सोलले जातात, वरून डोके जागच्या जागी असते, आणि आपण समाधानात असतो की सारे घट्ट आहे. माझ्या घरात दोन महिने असेच घट्ट होते.

शाळेतही तेच चालले होते. प्रयोगशाळेतील वस्तू फुटली तर दंड, असा नियम मी मुख्याध्यापक झाल्यावर लावला होता. नोंदवहीत फुटलेल्या वस्तूंची संख्या त्यानंतर एकदम घटली आणि मी ते माझ्या शिस्तीचे यश मानले. दसऱ्यानंतर एके दिवशी मी मागची कपाटे सरकवायला लावली. मागे काचनळ्यांचे तुकडे होते, दोन चंचुपात्रे होती, आणि एक तडकलेले मोजपात्र कुणीतरी चिकटवून पुन्हा फळीवर ठेवले होते. त्यात आम्ल ओतले गेले असते तर? आता नियम असा आहे की फुटल्याच्या दिवशीच येऊन सांगणाऱ्यास दंड नाही. नोंदवहीतील संख्या पुन्हा वाढली आहे. ती पाहून मला आता वाईट वाटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वडिलांचा डबा मी माळ्यावरून खाली काढला आणि चिरंजीवासमोर ठेवला. उस्तादांकडून आट्यांचा कंगवा मागून आणला होता. दोघांनी दुपारभर बसून एकेक बोल्ट मापला. सुतांचे एका बरणीत, मिलिमीटरचे दुसऱ्या बरणीत. मिलिमीटरची बरणी जवळजवळ रिकामीच राहिली. बरण्यांवर चिठ्ठ्या त्याच्या हस्ताक्षरात आहेत, आणि दोन्ही आता त्याच्या हाताला येतील अशा फळीवर आहेत.

तो अडीच सुताचा बोल्ट मात्र मी वेगळा ठेवला आहे. येत्या दसऱ्याला तो पाटावर असेल.